पाझर, ठेंब, धार : जीपच्या गळतीचा वऱ्हाडी इतिहास

जुनी जीप वर्षानुवर्षे जिथे उभी राहिली, ती जागा गाडी गेल्यानंतरही ओळखू येते. तहसील कचेरीचं आवार असो, वनखात्याच्या विश्रामगृहासमोरची मोकळी जागा असो की जिनिंग फॅक्टरीची पडवी, फरशीवर वा मुरमावर एक काळा, पावसाने न धुतला जाणारा डाग असतोच. नीट पाहिलं तर तो एक डाग नसतो. पुढे एक, मध्ये एक, मागे एक आणि कधी चाकाच्या जागी आणखी एक. पुढचा इंजिनाचा, मधला गिअरबॉक्सचा, मागचा डिफ्रन्शलचा. गाडी भंगारात गेलेली असते, पण तिच्या दुखण्यांचा नकाशा जमिनीवर राहतो.

जीपचा भारतातला इतिहास आजवर बहुधा कारखान्याच्या दारातून लिहिला गेला. परवाने, करार, मॉडेलं आणि उत्पादनाचे आकडे. तो आवश्यकच आहे. पण गाडी कारखान्यात काही दिवस असते आणि रस्त्यावर तीस-चाळीस वर्षं. त्या वर्षांत तिला चालती ठेवणाऱ्यांनी जे ज्ञान कमावलं, त्याची नोंद कुठल्या कागदावर नाही. यंत्रशास्त्राचं माझं शिक्षण झालेलं नाही. जुन्या दुरुस्ती-पुस्तिका, सुट्या भागांच्या याद्या आणि परतवाडा-अचलपूरच्या मिस्त्रींच्या ओट्यावर बसून ऐकलेलं बोलणं, एवढीच माझी साधनं. त्यातून मला एक प्रश्न सतत खुणावत राहिला. गळती म्हणजे नेमकं काय? ती दोष आहे, की वापरणाऱ्याने घ्यायचा निर्णय? मेळघाटासारख्या मुलखात या प्रश्नाच्या उत्तरावर माणसाचा जीव अवलंबून असतो, म्हणून हा लेख.

बंडीचं ओंगण

जीप येण्याआधी वऱ्हाडात चाकाला तेल नव्हतं असं नाही. बंडीच्या लोखंडी आसाला ओंगण लागायचं. एरंडीचं तेल, त्यात भिजवलेल्या चिंध्या, आणि बंडीखाली टांगलेलं बांबूचं नळकांडं. चाक काढायचं, आसाला ओंगण द्यायचं, चाक चढवायचं आणि पुढच्या बाजाराला निघायचं. हे तेल वाटेत सांडणारच, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आसाभोवती धूळ आणि तेल यांचा काळा चिखल जमायचा, तो लुगड्या-धोतरांना लागायचा, आणि त्याला कोणी बिघाड म्हणत नसे. बंडीची व्यवस्था उघडी होती. तेल जातं, आपण पुन्हा घालतो.

मोटारीने हा हिशेब बदलला. तिच्यात तेल बंद पेटीत असतं आणि आतल्या आत फिरतं. पण पेटी पूर्ण बंद असून चालत नाही, कारण तिच्यातून फिरता दांडा बाहेर यायला हवा. त्याशिवाय चाक फिरणार कसं? दांडा मोकळा फिरला पाहिजे आणि त्याच्या बाजूने तेल मात्र येता कामा नये. यंत्रयुगातली ही एक मोठी अडचण होती. जिथे दांडा पेटीतून बाहेर पडतो तिथेच गळती जन्म घेते. ऑइल सील नावाची जी छोटी कडी आज पानाच्या डबीएवढ्या खोक्यात मिळते, ती याच भोकावरचा पहारेकरी.

बंडीवाल्याची नजर घेऊन मोटारीकडे आलेल्या पहिल्या पिढीला म्हणूनच गळतीचं भय वाटलं नाही. तेल जातं, पुन्हा घालायचं. ही सवय अनेक ठिकाणी निभावून गेली. एका ठिकाणी ती जीवघेणी ठरते. ते ठिकाण पुढे येईल.

घाईत जन्मलेली गाडी

१९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकी लष्कराने हलक्या, चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीसाठी १३५ कंपन्यांना विचारणा केली. पहिला नमुना ४९ दिवसांत हवा होता. बँटम या लहानशा कंपनीने कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याच्या मदतीने तो वेळेत, २३ सप्टेंबर १९४० रोजी हजर केला. मोठं काम मात्र विलीज आणि फोर्ड यांच्याकडे गेलं आणि युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या बनवल्या. ही गाडी नातवंडांनी चालवावी म्हणून बनवलेली नव्हती. ती लवकर बनावी, कोणत्याही शिपायाला दुरुस्त करता यावी आणि चिखलात अडू नये, एवढीच अपेक्षा.

भारतात ती युद्धाबरोबर आली आणि युद्धानंतर राहिली. १९४५ साली स्थापन झालेल्या 'महिंद्र अँड मोहम्मद' कंपनीतले भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे कंपनी १९४८ मध्ये 'महिंद्र अँड महिंद्र' झाली. १९४७ मध्ये ७५ जीपगाड्या सुट्या भागांच्या रूपात विलीजकडून आल्या. मुंबईच्या माझगावात त्यांची जुळणी सुरू झाली, आणि पुढच्या दशकात टप्प्याटप्प्याने देशी उत्पादन.

त्याच काळात वापरलेल्या जीपगाड्यांची किंमत देशाला दुसऱ्या रीतीनेही कळली. काश्मीरच्या लढाईसाठी १९४८ मध्ये लंडनमधले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी ठरलेल्या पद्धतीला बगल देऊन सुमारे ८० लाख रुपयांचा करार केला. १५५ गाड्या आल्या, त्या कामाच्या नाहीत म्हणून संसदेत गदारोळ झाला आणि १९५५ मध्ये सरकारने प्रकरण मिटल्याचं जाहीर केलं. राजकीय इतिहासात हे 'जीप प्रकरण' म्हणून नोंदलं गेलं. मला त्यात गॅरेजमधला जुना धडा दिसतो. बाहेरून रंगवलेली गाडी विकत घेताना खाली वाकून पाहावं लागतं.

कातडं, लोकर, बूच आणि लाख

युद्धकाळातल्या जीपच्या सुट्या भागांची यादी वाचताना मला सर्वांत मोठं आश्चर्य वाटलं ते तेल अडवणाऱ्या वस्तूंचं. लोखंडाच्या या गाडीला घट्ट ठेवणारी द्रव्यं बरीचशी शेता-रानातली होती. इंजिनाच्या मागच्या टोकाला, जिथे क्रँक बाहेर पडतो, तिथे सील म्हणून विणलेल्या दोरीचा तुकडा खोबणीत ठोकून बसवलेला असे; ती दोरी अॅस्बेस्टॉसची, म्हणजे खनिजाच्या तंतूंची. पुढच्या चाकांच्या वळणाऱ्या गोळ्यांवर लोकरीच्या नमद्याच्या पट्ट्या. चेंबरच्या जोडावर बुचाचं पॅकिंग, म्हणजे पोर्तुगालकडच्या ओक झाडाची साल. आणि पॅकिंगवर लावायला शेलॅक, म्हणजे आपल्या पळस-कुसुमांच्या फांद्यांवर किडे जी लाख बनवतात तीच, अल्कोहोलमध्ये विरघळवलेली. आमचे मिस्त्री आजही 'जोडाला शेलक लाव' म्हणतात, तेव्हा ते नकळत जंगलाचं नाव घेत असतात.

फिरत्या दांड्यावरचं सील त्याआधी कातड्याचं असे. जर्मनीतल्या वाइनहाइम गावी १८४९ पासून कातडी कमावणारा फ्रॉइडेनबर्ग हा कारखाना १९३० च्या दशकात कातडी कडी असलेली तेलसीलं बनवू लागला आणि त्याच दशकात कातड्याच्या जागी कृत्रिम रबर आलं. गोल रबरी 'ओ-रिंग'चं अमेरिकी पेटंट मूळच्या डॅनिश नील्स क्रिस्टेन्सन यांना १९३९ मध्ये मिळालं. म्हणजे जीप जन्मली तेव्हा सीलाचं शास्त्र कातड्याकडून रबराकडे निम्म्या वाटेवर होतं. जीपच्या अंगावर दोन्ही युगं एकत्र नांदत होती.

दोरी आणि नमदा थोडं तेल पिऊनच काम करतात. कोरडा नमदा धूळ अडवत नाही, कोरडी दोरी दांडा खाते. तेव्हा त्या जागा ओलसर असणं हे तब्येतीचं लक्षण होतं. 'जीप म्हटली की तेल गळणारच' या म्हणण्यात एवढा अंश खरा आहे. उरलेला अंश आळसाचा आहे.

अमेरिकी लष्कराच्या वाहनपुस्तिकांनी पुढे या ओलसरपणाचे तीन वर्ग ठरवून दिले. पहिल्या वर्गात नुसती ओल दिसते, थेंब बनत नाही. दुसऱ्यात थेंब बनतो, पण तपासणीदरम्यान पडत नाही. तिसऱ्यात थेंब पडतो. पहिल्या दोन वर्गांत तेलाची पातळी पाहत गाडी चालवता येते. तिसऱ्यात वरिष्ठांना कळवायचं. हे वाचल्यावर मला परतवाड्यातल्या एका वयस्कर मिस्त्रींचं बोलणं आठवलं. पोरं त्यांना उस्ताद म्हणतात, मी चाचा म्हणतो. इंग्रजी पुस्तिकेशी त्यांचा काही संबंध आलेला नाही. ते म्हणाले होते, "पाझर असन त चालू द्या. ठेंब असन त मोजा. धार असन त गाडी हालवू नका." पुस्तिकेचे वर्ग आणि चाचांचे शब्द तंतोतंत जुळत नाहीत. पण दोघांनी एकच गोष्ट ओळखली होती. गळती आहे की नाही, हा प्रश्न अपुरा आहे. किती, कशाची आणि कुठून, हे विचारायचं.

गळती वाचायची कशी

कशाची, हे आधी ठरतं. इंजिनाचं तेल वापरून काळं पडलेलं असतं आणि त्याला जळकट वास येतो. गिअरचं तेल दाट, आणि त्यातल्या गंधकाच्या द्रव्यांमुळे त्याला असा उग्र दर्प असतो की एकदा हुंगलेला माणूस विसरत नाही. डिझेल वासावरून कळतं. रेडिएटरचं पाणी गंजाचा तांबूस माग ठेवतं. ब्रेक ऑइल पातळ, फिकट पिवळं, बोटाला बुळबुळीत आणि रंगावर पडलं तर रंग सोलून काढणारं. चाखून मात्र काहीच पाहायचं नाही. हल्लीच्या रेडिएटरच्या हिरव्या पाण्यात गोडसर विष असतं.

कुठून, हे ठरवणं अवघड. गाडी चालते तेव्हा खालची हवा तेलाला मागे ढकलते आणि वजन त्याला खाली ओढतं. इंजिनाच्या वरच्या झाकणातून सुटलेला थेंब मागच्या टोकाशी येऊन पडतो आणि बघणारा मागचं सील बदलायला बसतो. चाचांचं वाक्य आहे, "तेल दिसते तिथं गयत नसते भाऊ. ते वरून येते, अन् हवेनं मांगं सरकते." त्यामुळे शोध घ्यायचा तो सर्वांत वरच्या आणि सर्वांत पुढच्या ओल्या ठिकाणाचा.

त्याची पद्धत साधी आहे. आधी गाडीचा खालचा भाग घासलेटने धुऊन पुसून कोरडा करायचा. ओल्या चिखलावर कुठलंच निदान होत नाही. मग संशयित जोडांवर खडूची भुकटी किंवा अंगाची पावडर भुरभुरायची, आणि दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणायची. पांढऱ्या भुकटीवर ओलीची पहिली रेघ जिथे उमटते, ते मूळ. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून चाकांच्या जागा खुणा करून ठेवायच्या. सकाळी पुठ्ठ्यावर पडलेले डाग आणि त्यांच्या वर असलेला भाग जुळवायचा. आता तेलात चमकणारा रंग मिसळून निळ्या दिव्याखाली गळती शोधतात. तत्त्व तेच, खडूऐवजी दिवा.

मूळ सापडलं तरी कारण सापडलेलं नसतं. इथेच मिस्त्री आणि सुटे भाग बदलणारा, यांच्यातला फरक कळतो. स्वस्ताकडून महागाकडे जायचं, हा क्रम आहे. पातळी जास्त तर नाही? श्वासनळी, म्हणजे ब्रीदर, तुंबलेला तर नाही? बोल्ट सैल तर नाहीत? पॅकिंग? मग सील. सील काढलं तर दांडा पाहायचा, कारण सीलाच्या ओठाने वर्षानुवर्षे घासून लोखंडावर बारीक चर पाडलेला असतो. नखाला तो लागतो. त्याच चरावर नवं सील बसवलं तर तेही गळतं. अशा वेळी सील एखादा मिलिमीटर पुढे-मागे बसवतात किंवा खरादीकडून दांड्यावर पातळ बाही चढवून घेतात. आणि दांडाच डुलत असेल तर बेअरिंग गेलं आहे. डुलणाऱ्या दांड्याला कुठलंच सील धरून ठेवू शकत नाही.

जीपचं एक दुखणं तर असं की ते या क्रमाशिवाय उलगडतच नाही. तिचा मुख्य गिअरबॉक्स आणि चारही चाकांना जोर वाटून देणारा दुसरा डबा एकमेकांना जोडलेले असतात. मधल्या जागेची झीज झाली की पहिल्यातलं तेल दुसऱ्यात उतरतं. दुसरा डबा भरून वाहू लागतो आणि त्याच्या मागच्या सीलातून तेल हँडब्रेकच्या ड्रमवर पडतं, कारण जुन्या जीपचा हँडब्रेक तिथेच असतो. चालक म्हणतो, हँडब्रेक लागत नाही. मिस्त्री म्हणतो, मागचं सील गेलं. आणि या सगळ्यात पहिला गिअरबॉक्स गुपचूप कोरडा पडत असतो. तीन तक्रारी, तीन जागा, पण मूळ एकच.

सेमाडोहचं चाक

काही वर्षांपूर्वी दसऱ्याच्या सुमारास मी सेमाडोहला होतो. सिपना नदी अजून भरून वाहत होती आणि जंगलातल्या रस्त्यांवर ओढ्यांना गुडघाभर पाणी होतं. माझ्यासोबत एका परिचितांची जुनी जीप होती. सकाळी डाव्या मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला, टायरवर, बोटभर रुंद ओल दिसली. ती दिसताच मनात दोन शक्यता उभ्या राहिल्या, आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर होतं. डिफ्रन्शलचं गिअर ऑइल असेल तर गाडी सावकाश परतवाड्यापर्यंत जाईल. ब्रेक ऑइल असेल तर ती घाटात उतरवायची नाही.

फोनवरून चाचांनी पहिली चाचणी सांगितली, "वाटीत पाणी घ्या भाऊ, अन् त्यात ते ओलं बोट बुडवा." ब्रेक ऑइल पाण्यात विरघळून जातं; गिअर ऑइल वर तरंगून रंगीत तवंग धरतं. वाटीत तवंग आला. नाकालाही गंधकाचा दर्प कळलाच होता. पण वासावर विसंबून राहण्यापेक्षा वाटी बरी. ब्रेकचं पेडलही कडक होतं आणि भांड्यातली पातळी जागेवर होती.

दुपारी चाचा सील, पुलर आणि पान्यांची पिशवी घेऊन एसटीने आले. पुढच्या चाकांना दगड लावले, जॅक चढवला, चाक काढलं. पुलर लावून हब सोडवलं, ब्रेक प्लेटचे बोल्ट काढले आणि अॅक्सल ओढून घेतली. आतलं सील कडक झालं होतं, त्याचा ओठ फाटला होता. इथे बरेच जण नवं सील ठोकून मोकळे होतात. चाचांनी आधी डिफ्रन्शलचा खालचा बोल्ट सोडून तेल एका डब्यात घेतलं. ते काळं नव्हतं. दुधाचा चहा असावा तसं होतं.

तेलात पाणी शिरलं होतं, आणि त्यातून उलगडा झाला. डिफ्रन्शलच्या पेटीवर श्वासासाठी एक छोटी नळी असते. चालून पेटी तापली की आतली हवा फुगते आणि नळीवाटे बाहेर जाते. त्या नळीत कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं. वाट बंद झाल्यावर फुगलेल्या हवेने सीलाच्या ओठातून तेल बाहेर ढकललं. मग तापलेली पेटी ओढ्याच्या गार पाण्यात बुडताच आतली हवा आकसली आणि त्याच ओठातून पाणी आत ओढलं गेलं. गळती दोन्ही बाजूंनी चालते, हे मी पुस्तकात वाचलं होतं. सिपनेकाठी ते डब्यात दिसलं. चाचा म्हणाले, "सील बदल्यानं काय होते? दाब तसाच राह्यला त नवं सीलबी थुकीन."

त्यांनी नळी तारेने साफ केली, रबरी पाइप जोडून तिचं तोंड वर उचलून बांधलं, पेटी ताज्या तेलाने खळबळून धुतली. दांड्यावर नख फिरवून पाहिलं. चर लागला नाही. नव्या सीलाचा ओठ तेलाच्या बाजूला करून, त्याला ग्रीसचा हात लावून, सागाच्या ठोकळ्याने चहूबाजूंनी सारखं ठोकून बसवलं. तेलाने माखलेले ब्रेकचे लायनर धुऊन पुन्हा वापरता येत नाहीत, म्हणून दोन्ही मागच्या चाकांचे नवे घातले. एकाच बाजूचे नवे घातले तर ब्रेक लावताना गाडी खेचते. शेवटी डिफ्रन्शलमध्ये बाजूच्या भोकातून तेल ओघळेपर्यंत भरलं, त्याहून जास्त नाही. घाटांग्याच्या वाटेवर थोडं जाऊन आल्यावर चाक पुन्हा पाहिलं; कोरडं होतं. चाचांनी बजावलं, "तापलेली गाडी पाण्यात घालू नका. काठावर एक बिडी ओढून होईस्तवर थांबा." बिडी मी ओढत नाही, पण मोजमाप लक्षात राहिलं.

ब्रेकचा पाझर

आता ते जीवघेणं ठिकाण. पायाच्या दाबाने चाकं थांबवणारा द्रव ब्रेक माल्कम लॉकहीड यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात आणला. त्यातला पहिला मोठा अडथळा गळतीचाच होता. सिलिंडरमधले वॉशर कातड्याचे होते, ते सुकत, आकसत आणि द्रव सोडत. १९२४ च्या क्रायस्लर गाडीसाठी तिथल्या अभियंत्यांनी रबरी वॉशर बनवले, तेव्हा ही पद्धत विश्वासाची झाली. त्या काळातला ब्रेकचा द्रव एरंडेल आणि अल्कोहोल यांचा असे. आमच्या बंडीच्या आसाला लागणारं एरंडेल अमेरिकेतल्या मोटारीचा ब्रेकही दाबत होतं.

पुढे द्रव बदलला, ग्लायकॉलचा झाला, आणि बंडीवाल्याची जुनी सवय इथे घातक ठरू लागली. तेल गेलं, पुन्हा घालायचं, पण कोणतं? ब्रेकच्या भांड्यात इंजिनाचं तेल पडलं की रबरी वॉशर फुगतात. ब्रेक आधी चिकटतो, मग सोडतो. एक चमचा चुकीचं तेल गेलं तरी चारही चाकांचे वॉशर आणि होज बदलावे लागतात. जुन्या जीपमध्ये तर सगळ्या चाकांचा ब्रेक एकाच नळीच्या जाळ्यावर चाले. कुठल्याही एका चाकाचं सिलिंडर गळलं तर पेडल तळाला जाई आणि चारही चाकं मोकळी. पुढची आणि मागची वाट वेगळी करण्याची सोय नंतरच्या गाड्यांत आली.

चिखलदऱ्याच्या किंवा घाटांग्याच्या उतारावर याचा अर्थ सांगायची गरज नाही. चाचांच्या तीन शब्दांना म्हणूनच चौथं वाक्य जोडलेलं असतं, "ब्रेकचा पाझरबी धारच समजा." लष्करी पुस्तिकांचा रोखही हाच आहे. ब्रेक आणि इंधन या दोन गळतींना त्या सवलत देत नाहीत. इंजिनाच्या ओलीशी दहा वर्षं संसार करता येतो. ब्रेकच्या ओलीला एक किलोमीटरही द्यायचा नाही. गळतीचं सगळं शास्त्र शेवटी या निवडीपाशी येतं. कशासोबत जगायचं आणि कशासाठी थांबायचं?

मेळघाटात ही निवड चैनीची नव्हती. २२ फेब्रुवारी १९७४ रोजी इथे व्याघ्र प्रकल्प झाला, देशातल्या पहिल्या नऊंपैकी एक. त्यानंतर जंगलरक्षणाची गस्त जीपवर. १९९३ मध्ये इथल्या बालमृत्यूंनी राज्य हादरलं, तेव्हा कोरकू पाड्यांपर्यंत आरोग्यपथकं न्यायला जीप. पावसाळ्यात खंडू, खापरा, सिपना, गडगा, डोलार या नद्या आणि त्यांचे ओढे वाटा तोडत, तेव्हा रुग्णालयाकडे निघालेल्या बाईच्या आणि वाटेतल्या ओढ्याच्या मध्ये जर काही असेल तर एखादी जुनी जीप. तिच्या डिफ्रन्शलमध्ये पाणी शिरलं आहे का आणि ब्रेकचं पेडल कडक आहे का, हे सकाळी कोणी पाहिलं, त्यावर पुढचं सगळं ठरायचं. आकडेवारीच्या अहवालांत त्या माणसासाठी रकाना नसतो.

कागदावर आणायचं काय

१ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी गाड्या बाद करण्याचा नियम लागू झाला. धुराच्या आणि सुरक्षेच्या दृष्टीने तो योग्यच आहे. त्याबरोबर कचेऱ्यांच्या आवारांतल्या उरल्यासुरल्या जुन्या जीपगाड्या लिलावात गेल्या. नव्या गाड्यांची सीलं चांगली आहेत, ब्रेकच्या वाटा दोन आहेत, आणि काही डब्यांना तर तेल तपासायचं भोकच ठेवलेलं नसतं. गळती कमी झाली, ही खरीखुरी प्रगती आहे. तिच्याविषयी हळहळण्याचं मला कारण दिसत नाही.

पण गळती वाचण्याची रीत जुन्या गाडीबरोबर भंगारात जाऊ नये. आधी धुऊन घ्या, मग पाहा. दिसतं तिथे थांबू नका, वर आणि पुढे शोधा. सील बदलण्याआधी दाब कुठून आला ते विचारा. कोणत्या ओलीसोबत जगता येईल आणि कोणत्या ओलीसाठी गाडी जागीच थांबवायची, हे निघण्यापूर्वी ठरवा. ही रीत सेमाडोहच्या नव्या सफारी गाडीला लागू आहे, शेतातल्या ट्रॅक्टरला आहे आणि पाण्याच्या मोटारीलाही.

परतवाडा, अचलपूर, धारणी इथल्या गॅरेजांत जुन्या हिशेबाच्या वह्या अजून आहेत. कोणत्या तारखेला कोणत्या गाडीला कोणतं सील, किती तेल, किती मजुरी, हे त्यांत पेन्सिलीने लिहिलेलं आहे. पानांवर तेलाचे डाग आहेत, आणि रद्दीवाला त्या किलोवर नेतो. अशा तीन वह्या मला आजवर पाहायला मिळाल्या. एकीत एकाच गाडीचं मागचं सील दोन वर्षांत चार वेळा बदलल्याची नोंद आहे आणि पाचव्या नोंदीत सीलाऐवजी एवढंच लिहिलं आहे, 'नळी साफ केली.' त्यानंतर त्या गाडीचं नाव वहीत सीलासाठी पुन्हा येत नाही.